भगवंती मॅडमना फोन द्या

भगवंतराव शेलारांची नोकरी तशी गेली नव्हती. नोकरी गुजरातला गेली होती आणि भगवंतराव बदलापुरात राहिले होते, एवढंच. अंबरनाथच्या एमआयडीसीत पत्र्याचे डबे बनवणाऱ्या एका कारखान्यात त्यांनी एकोणीस वर्षं स्टोअर सांभाळलं होतं. एका सोमवारी मालकांनी सगळ्यांना अंगणात बोलावलं आणि इंग्रजीत सांगितलं की कंपनी पुढे जाते आहे. भगवंतरावांना वाटलं, कंपनीची भरभराट होते आहे. त्यांनी टाळ्या वाजवल्या. टाळ्या वाजवणारे आपण एकटेच आहोत हे त्यांच्या जरा उशिराच लक्षात आलं.

त्याला आता दहा महिने होत आले होते. पहिल्या महिन्यात ते सोसायटीत सांगायचे, "जरा ब्रेक घेतोय." तिसऱ्या महिन्यात, "दोनतीन ठिकाणी बोलणी चालू आहेत." सहाव्या महिन्यापासून सोसायटीतले लोकच विचारायचे बंद झाले आणि त्याचं भगवंतरावांना विचारण्यापेक्षा जास्त वाईट वाटायला लागलं. माणसाला कुणी चौकशी केली तर राग येतो आणि नाही केली तरीही येतो, हे त्यांना वयाच्या सत्तेचाळिसाव्या वर्षी कळलं. कळून उपयोग काही झाला नाही.

शेवटी त्यांची मुलगी रिद्धी हिने प्रकरण हातात घेतलं. ती कॉलेजात मॅनेजमेंट शिकत होती, त्यामुळे घरात मॅनेज करण्यासारखं काही दिसलं की तिला राहवायचं नाही. "पप्पा, नोकरी शोधणं हीच सध्या तुमची नोकरी आहे," असं म्हणून तिने वेळापत्रक करून फ्रिजवर चिकटवलं. सकाळी नऊ ते एक ऑफिस. ऑफिस म्हणजे जेवणाचं टेबल. कपडे ऑफिसचेच, म्हणजे इस्त्रीचा शर्ट, पँट आणि पट्टा. रोज दहा अर्ज. रोज एक आशादायी वाक्य, मोठ्याने.

भगवंतराव शिस्तीचे माणूस. दुसऱ्या दिवशी नऊला पाच कमी असताना ते बूट घालून टेबलाशी हजर झाले. वैदेहीवहिनींनी, म्हणजे त्यांच्या बायकोने, नुकतीच लादी पुसली होती. बूट दाराबाहेर गेले. मग मोज्यांवर ऑफिस सुरू झालं. पुसलेल्या लादीवर मोजे घालून चालण्याचा प्रकार कुठल्याच ऑफिसात नसावा. लॅपटॉपचा चार्जर आणायला उठलेले भगवंतराव थेट फ्रिजपर्यंत घसरत गेले आणि वेळापत्रकाला मिठी मारून थांबले.

"लागलं का हो?" वहिनी धावत आल्या.

"मी उद्योगाला हवा आहे," भगवंतराव फ्रिजला धरूनच म्हणाले. ते त्या दिवशीचं आशादायी वाक्य होतं.

रोज दहा याप्रमाणे अर्ज जात राहिले. उत्तर एकच आलं. त्यात लिहिलं होतं, 'आपला अर्ज पुढे ठेवण्यात आला आहे.' कशाच्या पुढे, किती पुढे आणि पुढच्या माणसाने तो आणखी पुढे ढकलला तर तो शेवटी कुठे जातो, यावर भगवंतरावांनी दोन दिवस विचार केला. त्यातून काही निष्पन्न झालं नाही.

अशा वेळी माणसाला रामभाऊ भेटतातच. भगवंतरावांचे रामभाऊ तळमजल्यावरच राहायचे. वीज मंडळातून निवृत्त झाल्यापासून त्यांनी बदलापूरच्या या मांजर्ली भागातल्या कुठल्याही माणसाला सल्ल्यावाचून रस्ता ओलांडू दिला नव्हता. त्यांनी भगवंतरावांचा बायोडेटा मागवून घेतला, चष्मा वर केला, खाली केला आणि पाच पानं मोजली.

"भगवंता, हे कोण वाचणार?"

"कंपनीतले साहेब वाचतील ना."

"साहेब वाचत नाय आता. कॉम्प्युटर वाचतो. त्याला पाहिजे ते शब्द नसले की तो कचऱ्यात टाकतो. माझ्या साडूच्या पोराचा बायोडेटा उल्हासनगरला बनवला. महिन्यात नोकरी. काय बनत नाय उल्हासनगरात? उद्याच जाऊ."

उल्हासनगरच्या कॅम्प तीनमध्ये धर्मेश नावाच्या सिंधी गृहस्थांचं दुकान होतं. मूळ धंदा लग्नपत्रिकांचा. त्यामुळे दुकानात बसलं की चारी बाजूंनी सोनेरी गणपती, लाल मखमल आणि 'आमच्या लाडक्या ताईच्या लग्नाला यायचं हं' असा मजकूर अंगावर यायचा. धर्मेशभाईंनी पाच पानं हातात घेऊन वजन केल्यासारखी वरखाली केली.

"साईं, टेन्शन बिलकुल नहीं लेने का. पूरा पॅकेज देता हूं. रेझ्युमे, फोटो, सब वेबसाइट पे अपलोड. एक बार डाल दिया ना, फोन उठाते उठाते थक जाओगे."

तासाभराने पहिला मसुदा निघाला. वर गणपती होता. खाली 'वर्ण: गव्हाळ, उंची: पाच फूट सहा इंच, मामेकुळ' असं छापून आलं होतं.

"ये तो शादी का है," भगवंतराव म्हणाले.

"अरे हां, फॉर्मॅट वोही खुला था." धर्मेशभाईंनी गणपती काढला, मामेकुळाच्या जागी 'कौशल्ये' घातलं आणि वर्णाच्या जागी 'परिणामाभिमुख' असं काहीतरी इंग्रजीत टाकलं. नवा कागद एक पानाचा, निळ्या पट्टीचा, गुळगुळीत होता. भगवंतरावांनी त्यावरचा आपला फोटो पाहिला. कोट संगणकातूनच चढवलेला होता आणि मान त्यांचीच होती. तेवढ्यावर ते खूश झाले. नाव वाचायचं त्यांना सुचलं नाही. स्वतःचं नाव कोण वाचतो? रामभाऊंनी वाचलं, पण चष्मा वर असताना.

तिसऱ्या दिवशी फोन आला. सकाळी दहा वाजता, ऐन ऑफिसच्या वेळेत.

"गुड मॉर्निंग, भगवंती मॅम से बात हो सकती है?"

"भगवंत. बोल रहा हूं."

"जी, भगवंती मॅम को फोन दीजिए ना."

"मैंच है."

पलीकडून फोन बंद. दुपारपर्यंत असे तीन आले. दुसऱ्या दिवशी चार. एका बाईंनी तर, "सर, आप उनके हजबंड हैं? उनको बोलिए, करिअर ब्रेक के बाद काम करने वाली लेडीज को हम बहुत एन्करेज करते हैं," असं इतक्या आपुलकीने सांगितलं की भगवंतरावांना कुणाचे आभार मानावेत ते कळेना. अकरा महिन्यांत त्यांना स्वतःला दोन फोन आले होते, त्यातला एक विम्याचा होता.

रिद्धीने संध्याकाळी वेबसाइट उघडून पाहिली आणि तोंडावर हात ठेवला. "पप्पा, तुम्ही मुलगी आहात."

निळ्या पट्टीवर ठळक अक्षरांत 'भगवंती के. शेलार' असं होतं. लिंगाच्या रकान्यात 'स्त्री'. वेबसाइटवर फोटो चढलाच नव्हता. ती जागा रिकामी होती.

धर्मेशभाईंना फोन लावला. मागून सनईचा आवाज येत होता. ते भाचीच्या लग्नाला इंदूरला गेले होते.

"भगवंती? अरे साईं, मेरी मासी का नाम है! बचपन से लिखता आया, उंगली अपने आप चली गई. घबराने का नहीं, दस दिन में आके ठीक कर देता हूं."

"लेकिन पासवर्ड?"

"पासवर्ड दुकान के कॉम्प्युटर में है. दुकान बंद है. आप खाना खाने आ जाओ इंदूर!"

भगवंतरावांनी मग वेबसाइटच्या मदत केंद्राला फोन केला. तिथल्या मुलाने अतिशय नम्रपणे सांगितलं की माहिती फक्त खातेदाराला देता येते.

"मीच खातेदार आहे."

"सर, खातं भगवंती मॅडमच्या नावावर आहे. कृपया त्यांना फोन द्या."

"त्या नाहीत."

"कधी येतील?"

"त्या नाहीतच. म्हणजे मुळात नाहीत."

"ओह. सॉरी, सर," मुलगा हळू आवाजात म्हणाला. "खातं बंद करायचं असेल तर मृत्यूचा दाखला पाठवावा लागेल."

भगवंतरावांनी फोन ठेवला. आपण आत्ता कुणाच्या मृत्यूला संमती दिली की नाही, हे त्यांना नक्की आठवेना.

रामभाऊ म्हणाले, "सोपं आहे. दोन्ही नावं एकाच माणसाची, असं प्रतिज्ञापत्र करून टाक. कोर्टाबाहेर पाच मिनिटात होतं." पाच मिनिटांना अडीच तास लागले. प्रतिज्ञापत्र टाइप करणाऱ्या बाईंकडे नाव बदलण्याचा एकच मजकूर तयार होता आणि तो होता लग्नानंतर नाव बदलणाऱ्या महिलांचा.

"माहेरचं नाव भगवंती ना?" त्यांनी मान वर न करता विचारलं.

"माहेर मांजर्लीच... म्हणजे माहेर नाही. मी पुरुष आहे."

बाईंनी आता मान वर केली, त्यांना खालपासून वरपर्यंत न्याहाळलं आणि खात्री पटल्यासारखं म्हणाल्या, "मग 'उपरोक्त महिला' खोडून हाताने लिहावं लागेल. खाडाखोड झाली की प्रत्येक ठिकाणी सही." सात सह्या झाल्या. आठव्या ठिकाणची महिला तशीच राहून गेली, पण वेबसाइटवाल्यांनी तेवढी चालवून घेतली. धर्मेशभाई लग्नाची मिठाई घेऊन परतले, पासवर्ड मिळाला, आणि एके दिवशी भगवंती के. शेलार जाऊन तिच्या जागी रीतसर भगवंत कोंडाजी शेलार आले.

आणि फोन बंद झाले.

एकही येईना. आधी भगवंतरावांना वाटलं, रेंज नसेल. त्यांनी रिद्धीला शेजारच्या खोलीतून फोन करायला लावला. फोन उत्तम वाजत होता. तोच अनुभव, तोच पत्ता, तीच एकोणीस वर्षं. भगवंतीला तीन आठवड्यांत सतरा जणांनी विचारलं होतं आणि भगवंताला कुणी विचारत नव्हतं. त्यांना त्या बाईचा हेवा वाटायला लागला. मग तिची थोडी आठवणही यायला लागली. फोन चुकीचे असले तरी सकाळी वाजायचे, आणि फोन वाजणाऱ्या घरात माणूस पट्टा बांधून बसतो.

एका गुरुवारी साडेनऊ वाजता वैदेहीवहिनी स्वयंपाकघरातून बाहेर आल्या तेव्हा टेबलाशी कुणी नव्हतं. भगवंतराव लेंग्यात, गॅलरीच्या खुर्चीवर, समोरच्या इमारतीवर वाळत घातलेल्या चादरींकडे बघत बसले होते.

"अहो, ऑफिस?"

"आज सुट्टी," ते म्हणाले. आवाज साधाच होता. वहिनी मात्र दारातच थांबल्या. नवऱ्याची चिडचिड, कुरकुर, फ्रिजशी बोलणं हे सगळं त्यांनी अकरा महिने निभावलं होतं. चादरींकडे बघणारा नवरा त्यांच्या ओळखीचा नव्हता. इस्त्री करून ठेवलेला शर्ट त्यांनी पुन्हा एकदा इस्त्री केला.

दुसऱ्याच दिवशी पाणी बंद होतं. टँकर आला म्हणून भगवंतराव दोन बादल्या घेऊन खाली गेले आणि त्यांचा फोन टेबलावर वाजला. वहिनींनी उचलला.

"भगवंती मॅडम का?" मराठी बोलणारी बाई होती. "मी उन्नती. अंबरनाथला, आनंदनगर एमआयडीसीत, आमचा बाटल्यांच्या झाकणांचा कारखाना आहे. महिन्यापूर्वी तुमचा रेझ्युमे काढून ठेवला होता. बोलायला वेळ आहे का दोन मिनिटं?"

वहिनी 'राँग नंबर' म्हणणार होत्या. तेवढ्यात त्यांना गॅलरीतली रिकामी खुर्ची दिसली.

"बोला," त्या म्हणाल्या.

"समजा गाडी माल घेऊन आली आणि सोबत मालाच्या यादीचं चलन नाहीये. ड्रायव्हर म्हणतो, नंतर पाठवतो. काय कराल?"

"माल उतरवून घ्यायचा नाही," वहिनी म्हणाल्या. "पण ड्रायव्हरशी भांडायचंही नाही. त्याला बसवायचं, पाणी द्यायचं आणि त्याच्या समोर त्याच्या मालकाला फोन लावायचा. त्याने नाही, आपण लावायचा."

"आणि मोजणीत माल कमी भरला तर?"

"दुसऱ्या माणसाकडून परत मोजून घ्यायचा. पहिल्याला सांगायचं नाही किती भरला होता ते."

एकोणीस वर्षं रात्रीच्या जेवणात त्यांनी हेच ऐकलं होतं. आमटी वाढताना ऐकलं होतं, भाकरी मोडताना ऐकलं होतं, 'पुरे झालं तुमचं ते स्टोअर' असं म्हणून झाल्यावरही ऐकलं होतं. ते सगळं आपल्या आत इतकं नीट लावून ठेवलेलं असेल याची त्यांना स्वतःलाच कल्पना नव्हती. दोन मिनिटांची वीस मिनिटं झाली.

"उद्या अकराला भेटू या," उन्नती मॅडम म्हणाल्या.

भगवंतराव दोन भरल्या बादल्या घेऊन तीन मजले चढून आले तेव्हा वहिनी फोन हातात धरून उभ्या होत्या.

"अहो, भगवंतीला इंटरव्ह्यूला बोलावलंय."

"ती गेली ना?"

"मी होते," वहिनी म्हणाल्या. आणि मग घडलेलं सगळं सांगितलं.

आनंद मानावा की अपमान, हे ठरवायला भगवंतरावांना संध्याकाळ पुरली नाही. हे ज्ञान माझं, असं त्यांचं म्हणणं. मग फोन खाली घेऊन जायचा होता, असं वहिनींचं. रामभाऊंना अर्थातच विचारावं लागलं, कारण न विचारता ते आलेच होते. "वहिनींनी आत जायचं," त्यांनी योजना मांडली. "तू बाहेर गेटवर उभा राहा. वहिनींच्या कानात ते बिनवायरचं यंत्र. प्रश्न आला की तू उत्तर द्यायचं."

"कानात काही घालणार नाही मी," वहिनी म्हणाल्या. "दोघंही जाऊ. आहे ते सांगू."

"आहे ते म्हणजे नेमकं काय आहे?" भगवंतराव म्हणाले. हा प्रश्न त्यांना खरोखरच पडला होता.

उन्नती मॅडम चाळिशीच्या असाव्यात. केस मागे घट्ट बांधलेले, टेबलावर रंगीत झाकणांचा ढीग. त्यांनी समोर बसलेल्या दोघांकडे पाहिलं, हातातल्या कागदाकडे पाहिलं आणि विचारलं, "भगवंती कोण?"

"मी," दोघं एकदमच म्हणाले.

मग सगळं सांगावं लागलं. धर्मेशभाईंच्या मासीपासून सुरुवात झाली, इंदूरचं लग्न झालं, प्रतिज्ञापत्र दाखवून झालं. आठव्या ठिकाणची न खोडलेली महिला बघून उन्नती मॅडम पहिल्यांदा हसल्या. मग गंभीर झाल्या.

"सर, तुमचा अनुभव माझ्या कारखान्यापेक्षा मोठा आहे. पण माझ्याकडे मशीनवर चाळीस बायका आहेत. मागचे दोन स्टोअरकीपर पुरुष होते. दोघांची त्यांच्याशी रोज भांडणं. मला इथे बाईच हवी आहे. मॅडम, तुम्ही कुठे काम केलंय याआधी?"

"लग्नाच्या आधी दोन वर्षं शाळेच्या ऑफिसात. स्टोअर म्हणाल तर यांच्या तोंडूनच."

"तीन महिने करून बघाल?"

वहिनींनी भगवंतरावांकडे पाहिलं. त्या क्षणी भगवंतरावांच्या मनात काय काय आलं ते त्यांनी पुढे कुणाला सांगितलं नाही. अकरा महिने ते ज्या वाक्याची वाट बघत होते ते वाक्य त्यांच्यापासून हातभर अंतरावर, त्यांच्या शेजारच्या खुर्चीला उद्देशून बोललं गेलं होतं. ते उठले, शर्ट खाली ओढला आणि स्वतःच्या बायकोशी हस्तांदोलन केलं.

"अभिनंदन," ते म्हणाले. लग्नात त्यांनी तिचा हात धरला होता, पण तो इतका औपचारिकपणे नाही.

सोसायटीत बातमी पसरली ती अशी की शेलारांना नोकरी लागली. लोक खाली भेटले की भगवंतरावांचं अभिनंदन करायचे. "मला नाही, हिला," असं सांगितलं की लोकांचे हात अर्ध्यावर थांबायचे आणि मग त्या हातांचं काय करावं ते त्यांना कळायचं नाही. दोघातिघांनी ते तसेच डोक्यावरून फिरवले.

आता सकाळी आठ वाजता वहिनी निघायच्या आणि भगवंतराव डबा करायचे. पहिल्या दिवशी भेंडीत पाणी घातलं. दुसऱ्या दिवशी घातलं नाही, तर करपली. पण खरा गोंधळ संध्याकाळी असायचा. वहिनी पर्स टेबलावर ठेवायच्या आणि विचारायच्या, "अहो, लाल झाकणांची पोती बुकात बारा आहेत आणि जमिनीवर चौदा. असं कसं?"

"जास्त आहे ना? मग कमी असण्यापेक्षा वाईट. कुठलं तरी चलन कुणीतरी लिहायचं विसरलंय. कधीपासून आहे ते बघ."

"कसं बघू?"

कसं बघायचं हे नुसतं सांगून कळेना, म्हणून भगवंतरावांनी स्वयंपाकघराचं स्टोअर केलं. प्रत्येक डब्याला दोऱ्याने एक कार्ड बांधलं. आला किती, गेला किती, उरला किती, तारीख आणि सही. जुनी डाळ पुढे, नवी मागे. रिद्धीला पोहे काढायचे तर चिठ्ठी लिहावी लागे. ती म्हणाली, "पप्पा, हे टू मच आहे," आणि चिठ्ठीवर 'कारण: भूक' असं लिहून सही केली. दर शनिवारी मोजणी व्हायची. एका शनिवारी शेंगदाणे कमी भरले. चौकशीअंती रामभाऊ येता-जाता मूठभर घेत होते असं उघड झालं. त्यांना सह्यांच्या वहीत नोंद करायला लावलं तेव्हा ते तळमजल्यावर दोन दिवस रुसून बसले.

वहिनी शिकत होत्या. आणि शिकवता शिकवता भगवंतरावांना एक विचित्र गोष्ट जाणवायला लागली. धर्मेशभाईंच्या निळ्या कागदावर लिहिलेलं त्यांना काहीच येत नव्हतं, पण कागदावर नसलेलं पुष्कळ येत होतं. 'परिणामाभिमुख' म्हणजे काय ते त्यांना आजतागायत कळलं नव्हतं. पण पुराच्या साली गोदामात गुडघाभर पाणी शिरलं तेव्हा आधी खालचे खोके वर न घेता रजिस्टरं वर घेतली होती, म्हणून विम्याच्या माणसाला एकेक डबा दाखवता आला होता, हे त्यांना नीट आठवत होतं. एके सकाळी त्यांनी निळा कागद बाजूला ठेवला आणि साध्या शब्दांत अर्धं पान लिहिलं. मी काय सांभाळलं, काय चुकलं, काय परत चुकू दिलं नाही. रिद्धीने इंग्रजी नीट केलं. रोजचे दहा अर्ज त्यांनी बंद केले. आठवड्यात तीन, पण ज्या कंपनीला पाठवायचा तिच्या गेटवर आधी जाऊन यायचं. गाड्या कुठल्या येतात, माल उघड्यावर पडतो का, वॉचमन काय सांगतो, हे बघायचं आणि मग लिहायचं.

दीड महिन्याने बदलापूरच्या एमआयडीसीतल्या एका पुठ्ठ्याच्या खोक्यांच्या कारखान्यातून बोलावणं आलं. भगवंतरावांनी त्यांना लिहिलं होतं, 'आपला तयार माल गेटजवळ पत्र्याखाली ठेवलेला दिसला. मागच्या बाजूने तो ओला होत असावा.' तो खरोखरच ओला होत होता.

तिथले मॅनेजर महेश म्हणून होते. भगवंतरावांपेक्षा दहाबारा वर्षांनी लहान. सगळं ठीक चाललं होतं आणि मग तो प्रश्न आलाच. "शेलार, तुमचा तेरा महिन्यांचा गॅप आहे. काय केलंत या काळात?"

या प्रश्नासाठी रिद्धीने एक उत्तर पाठ करून घेतलं होतं. त्यात नवी कौशल्यं होती, आत्मपरीक्षण होतं. भगवंतरावांनी तोंड उघडलं आणि त्यातलं काहीच आठवेना.

"अकरा महिने काही नाही," ते म्हणाले. "मग एका बाईंना स्टोअर शिकवलं."

"कुठे?"

"घरी. डाळीतांदळावर. त्या आता आनंदनगरला एका झाकणांच्या कारखान्यात स्टोअर बघतात."

महेशनी भुवया वर केल्या. "त्यांच्या मालकांचा नंबर आहे?"

नंबर होता. महेशनी समोरच फोन लावला आणि आवाज मोठा ठेवला. भगवंतराव खुर्चीच्या कडेवर आले. आपल्याबद्दल कुणी विचारतंय, की वैदेहीबद्दल, की तिसऱ्याच कुणाबद्दल, याचा त्यांना पत्ता लागेना.

"शेलार मॅडम? उत्तम आहेत," उन्नती मॅडमचा आवाज आला. "पण एक सांगू का? संध्याकाळी पाचला ज्याचं उत्तर त्यांच्याकडे नसतं, त्याचं उत्तर सकाळी नऊला घेऊन येतात. रोज. घरी कोण आहे ते मला माहितीय. मी तेव्हा त्यांना घेऊ शकले नाही. ते तुमच्यासमोर बसले असतील तर उठू देऊ नका."

भगवंतराव खरोखरच उठले नाहीत. महेशनी पाण्याचा ग्लास पुढे सरकवला आणि ते खिडकीबाहेर बघत बसले.

नोकरीच्या पहिल्या दिवशी संध्याकाळी साडेसहाला भगवंतराव घरी आले. दहा मिनिटांनी वहिनी आल्या. दोघंही सोफ्यावर बसले. रिद्धी क्लासला गेली होती.

"चहा?" भगवंतराव म्हणाले.

"हो, चालेल," वहिनी म्हणाल्या.

"नाही, मी विचारलं, करतेस का?"

"आणि मी म्हटलं, चालेल."

कुणीच उठलं नाही. तेवढ्यात रामभाऊ आले. नव्या ठिकाणी पहिला पगार होईपर्यंत वरिष्ठांशी कसं वागावं याबद्दल त्यांना महत्त्वाचं काही सांगायचं होतं. त्यांनी दोघांकडे पाहिलं, रिकाम्या टेबलाकडे पाहिलं, आणि "तुम्ही बसा, आज मी करतो. करता करता सांगतो," असं म्हणून आत गेले. आतून त्यांचा आवाज येत राहिला. साहेबांच्या पुढे चालायचं नाही, मागे राहायचं नाही, साधारण बाजूने चालायचं. भगवंतराव हूं म्हणाले. मग वहिनी हूं म्हणाल्या. मग कुणी म्हणालं नाही.

तीन कप घेऊन रामभाऊ बाहेर आले तेव्हा भगवंतराव पायात बूट तसेच ठेवून झोपले होते आणि त्यांच्या खांद्यावर डोकं टेकून, मांडीवर पर्स धरून, वहिनीही झोपल्या होत्या. रामभाऊ ट्रे हातात घेऊन जरा वेळ उभे राहिले. सल्ला आता कुणाला द्यावा हे आयुष्यात पहिल्यांदा त्यांना कळेना. ते खुर्चीवर बसले. एक कप प्यायले. मग निवतो म्हणून दुसरा प्यायले आणि तिसराही. कप विसळून ठेवले, पंखा एकने कमी केला, आणि दार आवाज न करता ओढून घेत पायऱ्या उतरले.